लोंबती नाडी आणि पाटलाची किल्ली: जुने गावरान विनोदी चित्रपट आजही का हसवतात?

एसटीत, दवाखान्याच्या रांगेत, रात्रपाळीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये, कुणाच्या ना कुणाच्या फोनवर दादा कोंडके यांच्या जुन्या चित्रपटांतले प्रसंग चालू असतात. चट्ट्यापट्ट्यांच्या हाफ चड्डीतला एक बाप्या पाटलासमोर उभा राहतो, वेड पांघरून काहीतरी बोलतो, पाटलाचा चेहरा पडतो आणि फोन धरणारा खदखदून हसतो. पन्नास वर्षं उलटलेल्या चित्रपटांना आज हसणाऱ्यांत असेही तरुण आहेत ज्यांनी मोट चालताना कधी पाहिली नाही आणि ज्यांच्या घरी आता कुणी शेतीही करत नाही.

असं का, याची दोन उत्तरं नेहमी मिळतात. एक म्हणजे जुन्या आठवणी. दुसरं म्हणजे चावटपणा. पण 2000 नंतर जन्मलेल्या मुलाला 1971 सालच्या आठवणी कुठून असणार? आणि चावटपणाच हवा असेल तर त्याच फोनवर त्याहून कितीतरी उघडं दोन मिनिटांत सापडतं. म्हणजे या हसण्याचं मूळ आणखी कुठेतरी आहे. ते पाहायचं तर आधी तमाशाच्या बोर्डावर, म्हणजे रंगमंचावर, जावं लागेल.

तमाशाचा ढाचा

पारंपरिक तमाशाची सुरुवात गणाने होते, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने. मग गौळण. मथुरेच्या बाजाराला दूध-दही घेऊन निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात. गौळणींची म्होरकी असते मावशी, लुगडं नेसलेला पुरुष. तिचा तोंडपट्टा सुरू झाला की साक्षात कृष्णालाही उत्तर सुचत नाही. पुढे बतावणी येते. दोघातिघांनी उभ्या उभ्या रंगवलेला हा विनोदी सवाल-जवाब. त्याला लिहिलेली संहिता नसते, गावात काल काय घडलं हे कानावर घेऊन तो बोर्डावरच जुळवला जातो. आणि शेवटी वग, म्हणजे राजा, प्रधान, कोतवाल, हवालदार अशी पात्रं असलेली पूर्ण कथा.

या सगळ्यात एक माणूस सतत असतो. तो सोंगाड्या, म्हणजे तमाशातला विदूषक. वगात तो कधी हवालदार होतो, कधी राजाचा नोकर, कधी साधा कुंभार. दादू इंदुरीकरांनी ‘गाढवाचं लग्न’ या वगात रंगवलेला सावळ्या कुंभार ज्यांनी पाहिला ते आजही त्याबद्दल बोलताना उठून अभिनय करून दाखवतात.

या चित्रपटांत तमाशा थेट आला नाही. मधे एक पायरी होती. राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या संघटनेच्या कलापथकांनी तमाशाचा ढाचा उचलला आणि त्यात ताजं राजकारण भरलं. पुढे लेखकांनी तो नाटकाच्या थिएटरसाठी बांधून दिला, त्याला वगनाट्य म्हणू लागले. निळू फुले आणि दादा कोंडके हे दोघेही याच कलापथकांच्या शाळेत घडले. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यात दादा हवालदार होते आणि लिहिलेल्या संवादांत त्या त्या दिवसाच्या घडामोडींवरची वाक्यं ते जागच्या जागी घालत. म्हणजे बतावणी थिएटरात आली होती. 1971 साली सबनीसांच्याच लेखणीतून आणि गोविंद कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली दादा नायक असलेला ‘सोंगाड्या’ हा चित्रपट आला, तेव्हा तीच बतावणी पडद्यावर गेली. चित्रपटाचं नावच ते सांगतं.

सोंगाड्याला माफी का असते

विनोदाचं मुख्य यंत्र इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू. अशा चित्रपटांत हमखास शोभेल असा एक प्रसंग मी इथे रचून दाखवतो. गावच्या सहकारी सोसायटीच्या गोदामातून धान्याची पोती गेली आहेत. पाटील राखणदाराला दरडावतो.

“गोदामाची किल्ली कुनाकडं हुती?”
“तुमच्याकडं, मालक.”
“कुलूप तुटलं व्हतं का?”
“न्हाई, मालक.”
“मग पोती गेली कशी?”
“म्या अडानी मानूस. किल्ली तुमच्याकडं, कुलूप साबूत, पोती गायब. ह्याचं गनित शिकल्याल्या मानसानं सोडवावं.”

राखणदाराने आरोप केलेला नाही. पाटलाने विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं, वर नम्रपणे आपण अडाणी असल्याचंही कबूल केलं. चोर कोण हे त्याच्या तोंडून एकदाही आलं नाही. ते प्रेक्षकाने मनात म्हटलं आणि म्हणूनच प्रेक्षक हसला. पाटलाला चिडायलाही वाव नाही, कारण चिडला तर त्याने स्वतःच कबुली दिल्यासारखं होईल.

शिमग्याच्या दिवशी मोठ्या वाड्यापुढे कुणी बोंब मारली तर वाड्यातला माणूस काठी घेऊन बाहेर येत नाही, त्या दिवसापुरती ती मुभा असते. सोंगाड्याला तीच मुभा वर्षभर असते. पण त्याची एक अट आहे. आपण शहाणे आहोत हे त्याने कधीही दिसू द्यायचं नाही. ज्या क्षणी तो डोळा मारून “कसं पकडलं!” असं सुचवेल, त्या क्षणी त्याची मुभा संपते आणि विनोदही मरतो. दादांच्या अभिनयाची ताकद या ठिकाणी आहे. टाळी घेऊन गेलेल्या वाक्यानंतरही त्यांचा चेहरा कोरा असतो, जणू लोक का हसले हे त्यांना कळलेलंच नाही. हा चेहरा पाहायचा असेल तर हशा पिकल्यानंतरचे दोन सेकंद पाहा, आधीचे नको.

चड्डी, नाडी आणि आये

आता त्या पोशाखाकडे बघू. गुडघ्याच्या वर किंवा गुडघ्यापर्यंत येणारी ढगळ चड्डी, तिची पुढे लोंबणारी नाडी, अंगात सदरा. गावाकडे हा पोशाख लहान पोराचा. जबाबदारी अंगावर आली की पोरगं धोतरात किंवा लेंग्यात जायचं. म्हणजे पडद्यावर उभा आहे तो तिशी ओलांडलेला माणूस, पण कपडे सांगतात की याला अजून गावाने मोठ्यांत धरलेलं नाही. ज्याला मोठ्यांत धरलं नाही त्याच्या बोलण्याचा राग कोण धरणार? ती लोंबती नाडी म्हणजे सोंगाड्याच्या मुभेचा परवानाच आहे.

आणि त्या पोराच्या मागे उभी असते त्याची आये. रत्नमालाबाईंनी ही आई अनेक चित्रपटांत उभी केली. ‘सोंगाड्या’तला नाम्या मित्रांबरोबर शेजारगावी तमाशा बघायला जातो, कलावतीच्या नाचात इतका हरवतो की स्वतःच बोर्डावर उडी मारून नाचू लागतो, आणि हे कळल्यावर आई त्याला घराबाहेर काढते. घरात बापाची सत्ता नाही, दरारा आईचा. तो मुलगा साऱ्या गावाला शब्दांत गुंडाळतो, पण आईपुढे त्याची मात्रा चालत नाही. मला हे नातं या चित्रपटांतलं सर्वांत टिकाऊ वाटतं. पाटील आणि हवालदार काळाबरोबर बदलले. आईने “आरं मुडद्या” म्हणावं आणि मुलाने मान खाली घालावी, हे अजून प्रत्येक घराला ओळखू येतं.

खेड्याचा सिनेमा, गिरणगावाचा प्रेक्षक

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. हे चित्रपट खेड्याबद्दलचे आहेत, पण त्यांचा जन्म शहराच्या पोटात झाला. दादा कोंडके यांचा जन्म 1932 चा, मुंबईचा. वाढ लालबाग-परळच्या गिरणगावात. मूळ गाव भोरजवळचं. हे एका माणसाचं चरित्र नाही, तेव्हाच्या लाखो माणसांचं आहे. सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्हा आणि कोकण इथून आलेले पुरुष गिरणीत पाळी करायचे, एकेका गावाच्या मंडळाच्या खोलीत पंधरा-वीस जण वळकट्या टाकायचे, खानावळीत जेवायचे. बायका-मुलं गावी. जत्रेला, सुगीला, शिमग्या-गणपतीला गावी जायचं आणि पुन्हा भोंग्याला परत यायचं. लालबागमध्येच हनुमान थिएटर होतं, तिथे तमाशाचे फड उतरायचे. जवळच भारतमाता टॉकीज, तिथे मराठी सिनेमा.

या माणसाला शहराने ‘गावंढळ’ म्हटलेलं असायचं आणि गावात गेला की ‘मुंबैवाला’. पडद्यावर मात्र एक गावंढळ माणूस येतो, शिकलेल्यांना, अंमलदारांना, पैसेवाल्यांना निरुत्तर करतो, आणि आपली भाषा तसूभरही बदलत नाही. ‘एकटा जीव सदाशिव’ची गोष्टच अशी आहे की गावात वाढलेल्या मुलाला शहरातल्या श्रीमंत घरी आणलं जातं. ‘पांडू हवालदार’ (1975) तर शहरातच घडतो. खेड्याची बोली, खेड्याचा भोळेपणा, पण रस्ता मुंबईचा. त्याच चित्रपटातल्या सखाराम हवालदाराने अशोक सराफ हे नाव घराघरांत पोहोचवलं.

म्हणून ‘सोंगाड्या’च्या वेळी दादरच्या कोहिनूर थिएटरचा प्रसंग नुसता किस्सा म्हणून सोडून देता येत नाही. थिएटरने या चित्रपटाऐवजी देव आनंदचा हिंदी चित्रपट लावायचं ठरवलं, दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर धडकले आणि चित्रपट लागला. आपल्याच शहरात आपल्या भाषेला पडदा मिळत नाही, ही त्या प्रेक्षकाच्या मनातली जुनीच ठसठस होती. पुढे दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव, म्हणजे थिएटरात 25 आठवडे, पूर्ण केले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली.

शहराबाहेर हेच चित्रपट तंबूत चालायचे. फिरते टॉकीजवाले ट्रकमध्ये प्रोजेक्टर आणि कनातीचं सामान घालून जत्रेमागून जत्रा करायचे. तंबूत लोक जमिनीवर बसून बघायचे. बाहेर पाळणे, भेळ, भांड्यांची दुकानं. तमाशाचा फड त्याच जत्रेत शेजारच्या कनातीत. एकाच रात्री आधी पडद्यावरचा सोंगाड्या आणि मग बोर्डावरचा, असं बघणारे प्रेक्षक होते.

पाटलावर हसायची वेळ कधी आली

पाटील पूर्वीही होताच, मग 1970 च्या दशकातच त्याच्यावर एवढं का हसलं गेलं? कारण त्याच्या पायाखालची जमीन हलली होती. 1948 च्या कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीवर हक्क मिळायची वाट मोकळी केली. 1962 च्या कायद्याने महसुली पाटलांचं पद रद्द झालं. त्याच वर्षी 1 मे रोजी जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. गावात सरपंच, सभापती, सोसायटीचा चेअरमन, साखर कारखान्याचा संचालक अशी नवी माणसं उभी राहिली. बऱ्याचदा घराणं जुनंच, खुर्ची नवी.

पूर्ण ताकदीत असलेल्या माणसावर गाव उघडपणे हसत नाही, भीती असते. ज्याची सत्ता पूर्ण गेली त्याच्यावर हसण्यात मजा नाही. ज्याचा रुबाब शिल्लक आहे पण हुकूम पूर्वीसारखा चालत नाही, त्याच्यावर हसण्याची योग्य वेळ असते, आणि ती वेळ या चित्रपटांना मिळाली. त्यात 1972 चा दुष्काळ पडला. खडी फोडायच्या कामावर सगळं गाव एका ओळीत बसलं. त्या दिवसांत धान्याच्या गोदामावरचा विनोद हा नुसता विनोद राहिला नसणार.

“पण हे सगळे द्व्यर्थी संवादच ना?”

हा आक्षेप सर्वांत जुना आणि त्यात तथ्यही आहे, म्हणून टाळून चालणार नाही. द्व्यर्थी म्हणजे ज्या वाक्याचे दोन अर्थ निघतात, एक सरळ आणि एक चावट. यात कौशल्य कुठे असतं? सरळ अर्थ पूर्ण आणि खरा असला पाहिजे. शेतकरी पेरणीबद्दल, विहिरीबद्दल, बैलाबद्दल बोलतो आहे तर ते बोलणं शेतकऱ्याच्या कानाला अगदी बरोबर वाटलं पाहिजे. मग दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उमटतो आणि बोलणारा नामानिराळा राहतो. म्हणजे हे किल्लीवाल्या संवादाचंच यंत्र. तिथे प्रेक्षक मनात “पाटील चोर” म्हणतो, इथे मनात काहीतरी वेगळं म्हणतो.

याचा एक परिणाम असा की आजी, सून आणि दहा वर्षांचा नातू एकाच सतरंजीवर बसून तो चित्रपट बघू शकत. नातवाला बैलाची गोष्ट दिसे, बाकीच्यांना दुसरी. सेन्सॉरपुढेही हीच अडचण येई. शब्द निर्दोष, मग कापायचं काय?

पण हेही सांगायला हवं की हा तोल सगळीकडे सांभाळला गेला नाही. सुरुवातीच्या चित्रपटांत द्व्यर्थी वाक्य कथेतून उगवतं. पुढेपुढे, विशेषतः 1980 च्या दशकात, वाक्य आधी ठरलं आणि प्रसंग त्याच्याभोवती बसवला असं जाणवतं. चित्रपटाच्या नावापासूनच सूचकता सुरू झाली. तेव्हा सरळ अर्थ पातळ झाला, आणि सरळ अर्थ पातळ झाला की उरते ती नुसती सूचना. माझ्या मते टीका या उत्तरार्धावर व्हावी. ‘सोंगाड्या’लाही त्याच तराजूत घालणं अन्याय आहे.

“आणि बायकांचं काय?”

हा प्रश्न मला द्व्यर्थापेक्षा जास्त गंभीर वाटतो. तमाशात बाई निरुत्तर नसते. गौळण कृष्णाला उलट बोलते, मावशी त्याची खोड मोडते, सवाल-जवाबात बाई जिंकू शकते. उषा चव्हाण यांनी रंगवलेल्या नायिकांत हा ठसका आला आहे. ‘पांडू हवालदार’मधली केळीवाली हवालदाराच्या हुद्द्याला जराही दबत नाही.

तरी एक मोठा फरक पडला आणि तो कॅमेऱ्याने पाडला. तमाशात प्रेक्षक संपूर्ण बोर्ड बघतो, कुठे बघायचं हे त्याचं तो ठरवतो, आणि नाचणारी बाईही समोरच्या गर्दीकडे थेट बघून तिला उत्तर देऊ शकते. सिनेमात कुठे बघायचं हे कॅमेरा ठरवतो. वाक्य दोन अर्थांचं असतं, पण कॅमेरा बाईच्या देहावर जाऊन थांबला की एकच अर्थ उरतो. शब्दांनी जपलेला आडपडदा चित्राने काढून घेतला आणि त्याची किंमत पडद्यावरच्या बाईने मोजली. आज हे चित्रपट बघताना काही जागी अवघडल्यासारखं होतं ते यामुळे, आणि ते होणं योग्यच आहे.

“खरं खेडं असं कधी होतं?”

नव्हतं. तमाशा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटाला चिमटा काढून जगवला ते कलावंत मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतले होते. पडद्यावरच्या गावात ही नावं जवळजवळ येतच नाहीत. नायक गरीब असतो, पण त्याची जात सांगितली जात नाही. पाणवठा सगळ्यांचा असल्यासारखा दिसतो. जे खेडं सोडून माणसं मुंबईला आली त्यात दुष्काळ आणि कर्ज होतं तसंच हे जातीचं वास्तवही होतं, पण हसवणाऱ्या गावातून ते वगळलं गेलं. तमाशाचं यंत्र घेतलं आणि ते घडवणाऱ्यांचं जगणं बाहेर ठेवलं, ही या चित्रपटांची मोठी उणीव आहे. त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनी ती आपणहून सांगितली पाहिजे.

मग ही परंपरा थांबली का?

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि त्यांतले बहुतेक पुन्हा कधी त्या कामावर परतले नाहीत. गावमंडळांच्या खोल्या रिकाम्या होत गेल्या. गिरणीचा पगार हातात पडल्यावर थिएटरकडे वळणारा प्रेक्षकच विखुरला. त्याच सुमारास घरात टीव्ही आणि व्हिडिओ आला. 1985 नंतरच्या मराठी विनोदी चित्रपटांचा नायक बहुधा शहरातला बेकार तरुण असतो. त्याचं भांडण पाटलाशी नसतं, त्याला भाड्याची खोली हवी असते. गंमत त्यातही भरपूर आहे, पण ती सोंगाड्याची नव्हे.

जुने प्रसंग फोनवर इतके सहज चालतात यालाही तमाशाच कारण आहे. बतावणी मुळातच चार-पाच मिनिटांची, स्वतःत पूर्ण असलेली गोष्ट. मागचं-पुढचं माहीत नसलं तरी अडत नाही. हे चित्रपट अशाच तुकड्यांनी बांधलेले असल्यामुळे कुठूनही कापले तरी तुकडा जिवंत राहतो. आणि तुकड्यात जे चालतं, म्हणजे वर बसलेला माणूस, खाली उभा असलेला माणूस आणि खालच्याने वरच्याला अदबीने निरुत्तर करणं, ते बँकेच्या काउंटरवर, ऑफिसात, तहसीलच्या खिडकीशी आजही रोज मनात घडतं. प्रत्यक्षात आपण गप्प बसतो. त्या तरुण मुलाला हसू येतं ते म्हणून. नुकसान एवढंच होतं की कापलेल्या तुकड्यात श्रेयनामावली नसते. त्यामुळे संवाद वसंत सबनीसांचे, ‘सोंगाड्या’चं संगीत राम कदमांचं, हे नव्या प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही. जमलं तर एकदा तरी पूर्ण चित्रपट, नावांच्या पाट्यांसकट, पाहावा.

मूळ झरा बघायचा असेल तर तोही अजून आटलेला नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावला गुढीपाडव्याच्या आसपास तमाशा फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच आपापल्या जत्रेची सुपारी द्यायला तिथे येतात. कोणत्या गावाला कोणता फड ठरला हे तिथे कळतं. तारीख लिहून घ्यावी, त्या गावच्या जत्रेला जावं आणि गणापासून बसावं. बतावणी सुरू झाली की त्या गावातल्या चालू भानगडींतली निदान एक तरी तिच्यात येतेच.